क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ आहे पण वाढतंय : किमो चालू असताना किडनीकडे लक्ष कसं ठेवावं?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. आईचं (वय ५८) गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. आता रेडिएशन आणि सोबत सिस्प्लॅटिन हे किमोचं औषध चालू आहे. दर तीन आठवड्यांनी एक असे तीन डोस ठरलेत, त्यातले दोन झाले. वजन ४२ किलो. तोंड आतून सोललंय, त्यामुळे नाकातून नळी घातली आहे. मशेरीवर उपदेश नकोत, ते घरात सगळं बोलून झालंय.

प्रश्न असा की किमोच्या आधी क्रिएटिनिन ०.६ होतं. दुसऱ्या डोसच्या आधी ०.७. दुसऱ्या डोसला आठवडा झाल्यावर काल तपासलं तर १.०. रिपोर्टवर शेजारी ०.५ ते १.१ छापलंय, त्यामुळे आकडा ठळकसुद्धा केलेला नाही. दादा म्हणतो नॉर्मल आहे, उगाच आईला घाबरवू नकोस. मला हे पटत नाहीये. मॅग्नेशियम १.३ आलंय, ते मात्र ठळक, बाण खाली. शुगर नाही, बीपीची एक गोळी आहे. सोमवारी ओपीडी आहे. तोवर काय बघू आणि तिथे काय विचारू?

पेठेतला_खडूस

रेंजमध्ये आहे ना? मग झालं. नेटवर वाचून रिपोर्ट लावायचे असतील तर डॉक्टर कशाला हवेत?

रातराणी

खडूस, नेहमीप्रमाणे घाई केलीत. मी डे-केअरला सिस्टर आहे. आमच्याकडे सिस्प्लॅटिनच्या पेशंटची फाईल उघडली की आधी मागचं क्रिएटिनिन बघतो, मग आजचं. आजचं एकटं बघून सलाईन लावत नाही.

कोयनाकाठताई, आधी मला सांगा, नळीतून दिवसभरात एकूण किती जातं? अंदाजे नको, मोजून. उलट्या, जुलाब? लघवी किती वेळा?

कोयनाकाठ

उलट्या तिसऱ्या दिवसानंतर थांबल्या. फीड दोन-दोन तासांनी देतो, साधारण दीड वाटी. पाणी वेगळं मोजलेलं नाही. लघवी गेले दोन दिवस कमी आणि गडद वाटतेय.

नेफ्रॉन_पुणे

मी नेफ्रॉलॉजिस्ट आहे. पेशंट न बघता सल्ला देत नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजून घ्या. पण पहिली गोष्ट : सोमवारची वाट बघू नका. उद्या सकाळीच तुमच्या युनिटला फोन करा आणि नेमकं हे वाक्य सांगा, “सिस्प्लॅटिनचा दुसरा डोस होऊन आठवडा झाला, क्रिएटिनिन ०.६ वरून १.० झालंय, मॅग्नेशियम १.३ आहे, लघवी कमी आहे.” पुढचं ते बघतील. बीपीची गोळी कोणती? टेल्मिसार्टन किंवा त्यात लघवीचं औषध मिसळलेली असेल तर तेही फोनवरच विचारा. शरीर कोरडं असताना या गोळ्या किडनीला भारी पडू शकतात. मनाने बंद करू नका, विचारून करा.

आता छापील रेंजचं. ती हजारो धडधाकट माणसांची रेंज आहे, तुमच्या आईची नव्हे. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमध्ये, आणि किडनी ते गाळून बाहेर टाकते. ४२ किलोच्या, महिनाभर नीट न जेवलेल्या बाईच्या अंगात स्नायू किती उरणार? तिच्या रक्तात क्रिएटिनिन मुळातच कमी. त्यामुळे किडनीचं काम बऱ्यापैकी घसरलं तरी आकडा रेंजच्या आतच फिरत राहतो.

हिशेब करून दाखवतो. ५८ वर्षांची स्त्री, क्रिएटिनिन ०.६ : सीकेडी-ईपीआयच्या २०२१ च्या सूत्राने ईजीएफआर (किडनी मिनिटाला किती मिली गाळते त्याचा अंदाज) येतो सुमारे १०४. तेच १.० झालं की ६५. दोन्ही वेळा रिपोर्टवर ‘नॉर्मल’. आणि वजन धरणारं जुनं कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं सूत्र (१९७६ चं, पण कॅन्सर विभागात अजून त्याचाच वापर) लावलं तर ४२ किलोला १.० म्हणजे मिनिटाला जेमतेम ४१ मिली. सिस्प्लॅटिन द्यायचं की नाही याची रेघ बहुतेक ठिकाणी ५० किंवा ६० वर असते. म्हणजे दादा ज्याला नॉर्मल म्हणतोय, त्याच आकड्यावर पुढचा डोस अडू शकतो.

शास्त्रशुद्ध सांगायचं तर क्रिएटिनिन रोज बदलत असताना ही सूत्रं नीट लागू पडत नाहीत. आकडा चढता असेल तर खरी परिस्थिती सूत्र सांगतं त्याहून वाईट असते.

पेठेतला_खडूस

मग व्याख्या काय? कितीने वाढलं की काळजी करायची? प्रत्येकाने आपापल्या मनाने ठरवायचं का?

नेफ्रॉन_पुणे

अचानक झालेल्या किडनीच्या इजेची व्याख्या आहे. केडिगो (किडनीच्या आजारांची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं), २०१२ : ४८ तासांत ०.३ ची वाढ, किंवा सात दिवसांत मूळ आकड्याच्या दीडपट, किंवा सहा तास लघवी दर किलोला दर तासाला अर्ध्या मिलीपेक्षा कमी. ४२ किलोला सहा तासांत सुमारे १२५ मिली. ही केस व्याख्येत काटेकोर बसते का यावर वाद घालता येईल, कारण मधल्या दिवसांत कोणी तपासलेलंच नाही. पण मूळ आकड्याच्या १.६७ पट वाढ आणि सोबत पडलेलं मॅग्नेशियम एवढं माझ्यासाठी पुरे आहे.

अजून एक अडचण आहे. दोन किडन्यांत मिळून साधारण वीस लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळणीचे बारीक घटक. एकत्र कुटुंबात चार भावांपैकी दोघं आजारी पडले तरी उरलेले दोघं शेत ओढतात, बांधावरून बघणाऱ्याला काही कळत नाही. इथेही तसंच. गाळण्याची जवळपास निम्मी ताकद जाईपर्यंत क्रिएटिनिन तोंड उघडत नाही, आणि उघडतं तेही एक-दोन दिवस उशिरा.

लॅबवाली_मावशी

आता लॅबचं माझ्याकडून. नाशिकला बायोकेमिस्ट्री बघते.

१) क्रिएटिनिन मोजायच्या दोन पद्धती आहेत. एक जॅफे, पिक्रिक ॲसिडवाली, १८८६ सालची. रंग नारिंगी-तांबडा होतो, तो मोजतात. स्वस्त आहे म्हणून अजून सगळीकडे चालते. पण रक्तात कीटोन जास्त असले की आकडा फुगतो, कावीळ असली की दबतो. दुसरी एन्झायमॅटिक, ती जास्त भरवशाची. रिपोर्टवर चाचणीच्या नावाखाली मुंगीएवढ्या अक्षरात पद्धत छापलेली असते, बघा. एकदा या लॅबला, एकदा त्या लॅबला असं करून आकडे जुळवायला बसू नका.

२) ०.६ चं ०.७ झालं तर मी हलत नाही, तेवढं मशीनचं आणि शरीराचं इकडेतिकडे होतंच. ०.६ चं १.० हे मशीन करत नाही.

३) आदल्या रात्री मटण खाल्लं तरी क्रिएटिनिन थोडं वर जातं. काकूंच्या बाबतीत तो प्रश्न नाही, पण इतर वाचतायत म्हणून लिहिलं.

४) मॅग्नेशियम आणि पोटॅशियमच्या नमुन्यात रक्तपेशी फुटल्या (तालुक्याहून खडखडत आलेल्या नळ्यांत हे रोज होतं) तर दोन्ही खोटे वाढलेले दिसतात. म्हणजे १.३ हे कमी आहे आणि कदाचित खरं त्याहूनही कमी असेल. खोटं कमी यायचं फारसं कारण नसतं.

कोयनाकाठ

मावशी, नेफ्रॉनसाहेब, रातराणी, खूप आभार. रात्रीच युनिटच्या नंबरवर फोन केला. सकाळी आणायला सांगितलंय. गोळी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइडची निघाली. उद्याची देऊ नका म्हणाले.

एक कळत नाही, मॅग्नेशियमचा आणि किडनीचा संबंध काय?

नेफ्रॉन_पुणे

चांगलं केलंत.

सिस्प्लॅटिन रक्तातून किडनीच्या नलिकांमधल्या पेशींत ओढलं जातं. त्या पेशींच्या पडद्यावर ओसीटी-२ नावाचं वाहक प्रथिन आहे, ते याला आत घेतं. आतमध्ये औषधाचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा साधारण पाचपट होतं. नलिकेचं काम म्हणजे गाळून आलेल्या द्रवातून कामाची क्षारद्रव्यं परत उचलणं. पेशी दुखावली की उचलणं बंद, आणि मॅग्नेशियम, पोटॅशियम लघवीवाटे वाहून जातं. गाळण्याचं काम, म्हणजे क्रिएटिनिन, त्या वेळी अजून शाबूतही असू शकतं. म्हणून या औषधात उतरतं मॅग्नेशियम हा बऱ्याचदा पहिला इशारा असतो. गंमत म्हणजे मॅग्नेशियम कमी पडलं की किडनी सिस्प्लॅटिनला आणखी बळी पडते. म्हणूनच किमोच्या सलाईनमध्ये मॅग्नेशियम घालतात.

साधारण तीनांतल्या एका पेशंटला या औषधाने कमी-अधिक इजा होते. १९६५ मध्ये मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग विजेच्या प्रवाहाचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते बघत होते, तेव्हा प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून सुटलेल्या संयुगाने जिवाणूंचं विभाजन थांबलेलं दिसलं. तिथून हे औषध आलं. पण सुरुवातीच्या पेशंटच्या किडन्या अशा जात होत्या की औषध बासनात गुंडाळायची वेळ आली होती. सत्तरच्या दशकात भरपूर सलाईन देऊन लघवी वाहती ठेवण्याची रीत न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगमध्ये बसवली गेली आणि १९७८ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. म्हणून डे-केअरमध्ये “एवढं सलाईन कशाला, बस चुकेल” म्हणणाऱ्या नातेवाइकांनी हे लक्षात ठेवावं.

रातराणी

बस चुकेल!! रोज ऐकते हो. 😄

ताई, फीडचं आता नीट लिहून घ्या. नळीतून देता ती सिरिंज ५० मिलीची असेल. दोन लिटर म्हणजे ४० सिरिंज, फीड आणि पाणी सगळं धरून. भिंतीवर कागद चिकटवा आणि प्रत्येक सिरिंजला एक रेघ मारा, पाच झाल्या की आडवी काट. “साधारण दीड वाटी” मध्ये निम्मं पाणी हरवतं, वाटी प्रत्येक घरात वेगळी असते. लघवीसाठी पाण्याच्या जुन्या बाटलीवर मार्करने खुणा करा. रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहा-फीडच्या आधी वजन, त्याच काट्यावर. दोन दिवसांत किलोभर उतरलं तर ते मांस नव्हे, पाणी गेलेलं असतं.

किती लिटर द्यायचं ते मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारा, हृदयाचा त्रास असलेल्यांना हेच पाणी महागात पडतं.

आणि दुखतंय म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ‘कॉम्बिफ्लाम द्या’ हे अजिबात नाही. तोंडाच्या फोडांना दुखतंच, त्यासाठी पॅरासिटामॉल, ट्रॅमाडॉल, मॉर्फिन असे दुसरे रस्ते आहेत.

वर्धा_एक्स्प्रेस

माझ्या मुलाला हाडाचा कॅन्सर होता (आता ठीक, शाळेत जातो). त्याला मेथोट्रेक्सेट हे किमोचं औषध मोठ्या डोसमध्ये होतं. तिथे किडनी सांभाळायची तऱ्हाच वेगळी, म्हणून लिहितो. हे औषध आम्लधर्मी लघवीत विरघळत नाही, नलिकांत खडे धरतं. म्हणून सलाईनमधून सोडाबायकार्ब देऊन लघवीचा पीएच सातच्या वर ठेवतात. प्रत्येक लघवीला पट्टी बुडवायची, मिनिटभर थांबायचं, डबीवरच्या रंगांशी ताडायचं. पिवळट आलं की सिस्टरला हाक, हिरवं-निळं आलं की निश्चिंत. वॉर्डातल्या सगळ्या आईबापांची नजर रात्री दोन वाजता ट्यूबलाइटखाली त्या पट्टीवर. रक्तातली औषधाची पातळी २४, ४८, ७२ तासांनी. ती वेळेत उतरली नाही तर ल्युकोव्होरिन (मेथोट्रेक्सेटच्या विषारी परिणामावरचा उतारा) वाढवतात.

आमच्या मॅडमनी आधीच ताकीद दिली होती : त्या दिवसांत सेप्ट्रान (अँटिबायोटिक) नाही, पेनकिलर नाही, पित्ताची गोळीसुद्धा विचारल्याशिवाय नाही. या गोळ्यांनी मेथोट्रेक्सेट अंगात अडकून राहतं.

याच मुलांना आयफॉस्फामाइड हे किमोचं दुसरं औषधही देतात. त्याचं नुकसान काही महिन्यांनीसुद्धा उगवतं. फॉस्फेट गळत राहतं, वाढत्या वयात हाडं मऊ होतात. आमच्याकडे म्हणून किमो संपल्यावरही फॉस्फेट आणि लघवीतली साखर तपासत होते. रक्तातली साखर नॉर्मल आणि लघवीत साखर दिसली तर नलिका दुखावली असं धरतात. सोबत मेस्ना नावाचं औषध देतात ते मूत्राशयासाठी, किडनीला त्याचं संरक्षण नाही.

लॅबवाली_मावशी

यात एक पुरवणी. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन गोळ्या घेणाऱ्यांच्या लघवीत साखर येणारच, त्या गोळीचं कामच ते आहे. मागच्या महिन्यात यावरून एका घरात रडारड झाली होती.

पेडणेकर_गोवा

माझ्या मावशीला किडनीसाठी पुनर्नवा-गोखरूचा काढा दिला होता. बरं वाटलं. तुम्हीही द्या. आणि शहाळ्याचं पाणी भरपूर.

नेफ्रॉन_पुणे

पेडणेकर, मावशींना किमो चालू होती का? किमो चालू असताना काढा, भस्म, पुडीतलं चूर्ण यातलं काहीही नको. पुनर्नवेशी माझं वैर नाही. पण पुडीत नक्की काय आहे आणि त्यात धातू किती आहेत हे ना मला माहीत ना वैद्यांच्या गिऱ्हाइकाला. औषधाने इजा झाली की काढ्याने, हे नंतर वेगळं काढता येत नाही. शहाळ्यात पोटॅशियम बरंच असतं. नळीतून ओतण्याआधी त्या दिवसाचं पोटॅशियम किती आहे ते बघा. आणि तुमच्याकडची करमलं (स्टारफ्रूट) किडनी दुखावलेल्या माणसाला खायला देऊ नका, त्याने मेंदूपर्यंत त्रास गेल्याची उदाहरणं आहेत.

पेडणेकर_गोवा

करमलांचं माहीत नव्हतं. घरामागे झाड आहे आमच्या. बरं झालं सांगितलंत.

एडिसनकर

न्यूजर्सीहून. उलटा अनुभव नोंदवतो. बहिणीला स्तनाच्या कॅन्सरसाठी अबेमासिक्लिब सुरू झालं आणि दोन आठवड्यांत क्रिएटिनिन ०.८ वरून १.१. घरात गोंधळ. ऑन्कॉलॉजिस्ट शांत होती. म्हणाली, हे औषध नलिकेतून क्रिएटिनिन बाहेर टाकण्याचा रस्ता अडवतं, गाळणं तसंच असतं. खात्रीसाठी सिस्टॅटिन सी (गाळणं मोजायची रक्ताची दुसरी चाचणी) केलं, ते जागच्या जागी होतं. औषध चालू ठेवलं.

म्हणजे प्रत्येक वाढ ही इजा नसते. भारतात सिस्टॅटिन सी होतं का? मग सगळ्यांनी तेच का करू नये? शिवाय इथे एनगॅल नावाच्या लघवीच्या चाचणीबद्दल वाचलं, ती तर दोन दिवस आधी सांगते म्हणे.

लॅबवाली_मावशी

सिस्टॅटिन सी होतं, मोठ्या लॅबमध्ये.

नेफ्रॉन_पुणे

एडिसनकरांचं उदाहरण अचूक आहे. ट्युकाटिनिब, ओलापॅरिब या कॅन्सरच्या औषधांचंही असंच.

सिस्टॅटिन सी स्नायूंवर अवलंबून नसतं, म्हणून वाळलेल्या पेशंटमध्ये फार कामाचं. पण स्टेरॉइडने ते वाढतं, थायरॉइडच्या बिघाडानेही हलतं. आणि सिस्प्लॅटिनसोबत उलटीसाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलेलं असतंच. त्यामुळे किमोच्या लगेच नंतर सिस्टॅटिन सी करून घाबरण्यात अर्थ नाही. डोसच्या आधी, स्टेरॉइडची हवा उतरल्यावर करा.

आता एनगॅल, किम-१ वगैरे, म्हणजे किडनी दुखावली की लघवीत वाढणारी प्रथिनं, इजेच्या खुणा. उंदरांवरच्या विषारीपणाच्या चाचण्यांसाठी किम-१ सह सात खुणांना अमेरिकी आणि युरोपीय नियामकांनी २००८ मध्येच मान्यता दिली. २०१८ मध्ये अमेरिकी नियामकांनी लघवीतल्या सहा खुणांचा संच माणसांवरच्या सुरुवातीच्या औषध-चाचण्यांसाठी मान्य केला. डिसेंबर २०२३ मध्ये एनगॅलची एक चाचणी तिथे लहान मुलांसाठी मंजूर झाली, तीही आयसीयूतल्या गंभीर मुलांसाठी. यातलं काहीच “किमोच्या प्रत्येक पेशंटला दर डोसला करा” असं सांगत नाही. एनगॅल साध्या युरिन इन्फेक्शननेही वाढतं, काही गाठी स्वतःच ते तयार करतात. आकडा वाढलेला आला तर मी करणार काय? पाणी द्या, पेनकिलर थांबवा, पुन्हा तपासा. ते मी मॅग्नेशियम आणि चढतं क्रिएटिनिन बघूनही करतोच.

पुढे यातून चांगलं काही निघेल असं मला वाटतं. आज मात्र ज्या घरात लघवीची साधी तपासणी होत नाही, त्यांनी एनगॅलच्या मागे लागावं हे मला पटत नाही.

पेठेतला_खडूस

साधी लघवीची तपासणी म्हणजे ती पन्नास-शंभर रुपयांची? त्यातून कॅन्सरच्या औषधाचं काय कळणार?

नेफ्रॉन_पुणे

खडूस, तुमचे प्रश्न चांगले असतात, सूर तेवढा बदला.

बरंच कळतं. बेव्हासिझुमॅब हे कॅन्सरचं औषध घेणाऱ्याच्या लघवीत प्रथिन उतरायला लागतं आणि बीपी चढतं, क्रिएटिनिनच्या खूप आधी. तिथे पट्टीवर दोन अधिक आले की पुढची तपासणी. मायक्रोस्कोपखाली मातकट रंगाचे दाणेदार कास्ट (नलिकेत तयार झालेले साचे) दिसले तर नलिका झडतायत. जंतू नसताना पांढऱ्या पेशी दिसल्या आणि पेशंट इम्युनोथेरपीवर (कॅन्सरविरुद्ध शरीराची प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधांवर) असेल, तर किडनीच्या आतल्या सुजेचा संशय घ्यायचा.

यावर जरा थांबतो. निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपीची औषधं घेणारे आता आपल्याकडेही वाढलेत, निवोलुमॅबचा कमी डोस परवडतो म्हणून तर खूपच. यात किडनीची सूज थोड्यांनाच येते, शेकडा दोन ते पाच. पण ती येते उशिरा, सरासरी तीन महिन्यांनी, कधी औषध थांबल्यावरही. आणि जोखीम वाढवणाऱ्यांत पुढे कोण, तर पित्ताची गोळी. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल. आपल्याकडे प्रत्येक प्रिस्क्रिप्शनच्या पहिल्या ओळीत “सकाळी उपाशीपोटी” असतेच, मग वर्षानुवर्षं कोणी ती काढतच नाही. इम्युनोथेरपीवर असाल तर एकदा डॉक्टरांना विचारा : ही मला खरंच लागते का? वेळेत ओळखलं तर स्टेरॉइडने बहुतेकांची किडनी सावरते.

मायलोमावाल्यांसाठी (अस्थिमज्जेतल्या पेशींचा कॅन्सर) इशारा : त्या आजारातली लाइट चेन प्रथिनं पट्टीवर दिसत नाहीत. पट्टी ‘निल’ म्हणाली तरी विश्वास ठेवू नका.

बार्शी_लाईट

डॉक्टर, औषधाच्याच मागे सगळे लागलेत म्हणून लिहितो. माझ्या काकूला गर्भाशयमुखाचा कॅन्सर, दर आठवड्याला सिस्प्लॅटिन. क्रिएटिनिन वाढलं तर सगळ्यांनी किमोला दोष दिला आणि डोस पुढे ढकलला. मग एका रेसिडेंट मुलीने सोनोग्राफी करायला लावली. गाठीने मूत्रवाहिनी दाबली होती, दोन्ही किडन्या फुगलेल्या. स्टेंट टाकल्यावर आकडा उतरला आणि किमो पुन्हा सुरू झाली.

नेफ्रॉन_पुणे

सोन्यासारखी पोस्ट. ओटीपोटाच्या कोणत्याही कॅन्सरमध्ये क्रिएटिनिन वाढलं की आधी सोनोग्राफी. त्या रेसिडेंटला माझा नमस्कार सांगा.

कोयनाकाठ

अपडेट. सकाळी नेलं, आईला अंग कोरडं पडलंय म्हणून दाखल करून घेतलं. दोन दिवस सलाईन, त्यातून मॅग्नेशियम. लघवीत प्रथिन नाही, सोनोग्राफी नॉर्मल. आज क्रिएटिनिन ०.८, मॅग्नेशियम १.७. आई सिस्टरशी भांडायला लागली आहे, म्हणजे बरी आहे.

तिसऱ्या डोसचं ठरायचंय. डॉक्टर म्हणाले, पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासून बघू, नाहीतर औषध बदलू. दादा म्हणतो तिसरा डोस नकोच, किडनी महत्त्वाची. कोणाचं ऐकू?

नेफ्रॉन_पुणे

हा निर्णय तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टचा, पण दादाला दुसरी बाजू दाखवतो. टाटा मेमोरियलचा ३०० पेशंटचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनसोबत आठवड्याला ३० मिलिग्रॅम की तीन आठवड्यांनी १०० (शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला)? दोन वर्षांनी आजार जागेवर आटोक्यात राहिला तो तीन आठवडेवाल्यांपैकी ७३ टक्क्यांत, आठवडेवाल्यांपैकी ५८.५ टक्क्यांत. त्रास मोठ्या डोसला जास्त झाला, हेही त्यातच आहे. तेव्हा किडनीला घाबरून डोस कापणं फुकटात पडत नाही. आठवड्याला ४० देऊन ऑपरेशननंतरच्या पेशंटमध्ये तेवढाच फायदा मिळतो, असं जपानमधल्या मोठ्या अभ्यासात नंतर दिसलं.

आणि सिस्प्लॅटिन झेपत नाही अशांसाठी टाटाच्याच २०२३ मध्ये छापलेल्या अभ्यासात रेडिएशनसोबत डोसेटॅक्सेल हे दुसरं किमोचं औषध दिलं होतं. दोन वर्षं आजाराशिवाय राहिलेले नुसत्या रेडिएशनने ३० टक्के, डोसेटॅक्सेल जोडल्यावर ४२. म्हणजे रस्ता एकच नाही. “किडनी की कॅन्सर” असा प्रश्न घेऊन जाऊ नका. आज किडनी या आकड्यावर आहे, आमच्याकडे कोणकोणते पर्याय आहेत, असं विचारा.

कार्बोप्लॅटिनकडे (सिस्प्लॅटिनच्याच जातीचं औषध) वळवलं तर एक गोष्ट विचारा : जीएफआर कोणत्या सूत्राने धरला? त्याचा डोस थेट जीएफआरवर निघतो (१९८९ चं कॅल्व्हर्टचं सूत्र : ठरवलेला एयूसी, म्हणजे शरीराला एकूण किती औषध मिळावं त्याचं माप, गुणिले ‘जीएफआर अधिक २५’ ही बेरीज). एयूसी ५ ला जीएफआर ६५ धरला तर ४५० मिलिग्रॅम, ४१ धरला तर ३३०. बाई तीच, दिवस तोच.

पेठेतला_खडूस

हे मात्र भारी आहे. १२० मिलिग्रॅमचा फरक सूत्राचा?

लॅबवाली_मावशी

म्हणून मी म्हणते, क्रिएटिनिन चांगल्या पद्धतीने मोजा. वरची सगळी माडी त्यावर आहे.

वर्धा_एक्स्प्रेस

कोयनाकाठताई, एक करा. फाईलच्या पहिल्या पानावर तक्ता : तारीख, कितवा डोस, क्रिएटिनिन, मॅग्नेशियम, पोटॅशियम, वजन, लघवीचा रिपोर्ट. किमोच्या आधीचा आकडा सगळ्यात वर, लाल पेनाने. ओपीडीत दर वेळी नवा रेसिडेंट असतो आणि त्याला पंधरा सेकंद मिळतात. त्या पंधरा सेकंदांत ०.६ दिसलं पाहिजे.

रातराणी

+१. आणि दर तीन आठवड्यांच्या डोसमध्ये रक्त फक्त पुढच्या डोसच्या आदल्या दिवशी काढू नका. मधे आठवड्या-दहा दिवसांनी एकदा काढा. वर जाऊन खाली आलेलं क्रिएटिनिन तेवढ्यातच कळतं. ताईंचं १.० तसंच सापडलं.

कोयनाकाठ

तक्ता दादाकडूनच करून घेतला, आता तो स्वतः आकडे लावतोय. 🙂 तिसरा डोस आठवड्याच्या हिशेबाने विभागून देणार आहेत, आधी आणि नंतर सलाईन. घरी मॅग्नेशियमच्या गोळ्या दिल्यात, पण आईला त्याने पातळ शी होतेय. थांबवू का?

रातराणी

थांबवू नका, फोन करून सांगा. या गोळ्यांनी पोट सुटतं हे नेहमीचंच. डोस विभागून देतात किंवा शिरेतून देतात. मात्र जुलाब जास्त झाले तर तेवढं पाणी पुन्हा बाहेर गेलं, सिरिंजच्या रेघा त्या हिशेबाने वाढवा.

नवीन_वाचक_७

मध्ये बोलतो, माफ करा. वडिलांचं सिस्प्लॅटिन संपून चार महिने झाले. क्रिएटिनिन १.२ वर थांबलंय, आधी ०.९ होतं. पुढच्या आठवड्यात कॉन्ट्रास्टचा सीटी आहे. अजून तपासत राहायचं का? आणि सीटीवाल्यांना काय सांगायचं?

नेफ्रॉन_पुणे

तपासत राहायचं. तीन महिन्यांपलीकडे आकडा उतरला नसेल तर तो नवा पाया धरून क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर आणि बीपी दर तीन-चार महिन्यांनी, स्थिर राहिलं तर मग सहा महिन्यांनी. मॅग्नेशियमही बघा, काहींचं ते वर्षानुवर्षं कमी राहतं आणि पायात गोळे आले की लोक कॅल्शियम खात बसतात. कानात आवाज येतो का तेही वडिलांना विचारा, या औषधाने कानही दुखावतात.

सीटीच्या फॉर्मवर ‘किडनीचा आजार’ समोर ‘नाही’ लिहू नका. “सिस्प्लॅटिन घेतलंय, क्रिएटिनिन ०.९ वरून १.२” असं लिहा आणि ताजा रिपोर्ट जोडा. मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) चालू असेल तर तेही लिहा. आदल्या दिवशी आणि त्या दिवशी पाणी नीट प्यायला लावा. बऱ्याच जणांना “सीटी आहे, काही घेऊ नका” एवढंच सांगितलेलं असतं आणि ते रात्रीपासून पाणीही घेत नाहीत. पाणी कधीपर्यंत चालेल, हे त्या सेंटरला आजच फोन करून विचारा.